ग्रीकांचे चितारलेले घट आणि आपली कोरी मडकी

ग्रीकांनी आपले सण भांड्यांवर रंगवून ठेवले, म्हणून अडीच हजार वर्षांनीही ते दिसतात. भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीच्या मंडईचे किंवा पोळ्याचे असे काही उरले नाही, सबब आपल्या सणांना इतिहास नाही. हा युक्तिवाद शिकलेसवरलेले लोक बिनदिक्कत करतात. ऐकायला झकास, पण पायाच कच्चा.

मुळात ती चित्रे म्हणजे सणाचा जसाच्या तसा वृत्तान्त, हे ठरवले कुणी? 'लेनाइया घट' म्हणतात ती भांडी पाहा. खांबाला मद्यदेव डायोनिससचा दाढीवाला मुखवटा टांगलेला, खांबालाच वस्त्र नेसवलेले, आणि रांजणातून पळीने मद्य वाढणाऱ्या बायका. फ्रिकेनहाउस या अभ्यासकाने 1912 मध्ये ही भांडी एकत्र मांडून हा सण लेनाइया ठरवला. इतरांचे म्हणणे, छे, हा तर अँथेस्टेरिया! वाद अजून मिटलेला नाही. ज्या चित्रावरून सणाचे नावही पक्के होत नाही, त्याच्या जोरावर दुसऱ्याला इतिहासशून्य म्हणायचे, हे जरा अतिच झाले. शिवाय अथेन्सची कितीतरी उत्तम भांडी निघाली ती इटलीतल्या एट्रुस्कन थडग्यांतून. गिऱ्हाईक परमुलखातले, त्याला काय रुचते, हे कुंभाराने पाहिले नसेल?

पॅनाथेनाइया या अथेनाच्या सणातल्या बक्षिसाच्या घटाचेही तेच. त्यात ऑलिव्हचे तेल भरून विजेत्याला देत. एका अंगाला शस्त्रसज्ज अथेना, दुसऱ्या अंगाला शर्यत किंवा कुस्ती. देवीला वस्त्र वाहण्याची मिरवणूक, जी सणाचा गाभा, ती त्यावर नाहीच. इ.स.पू. 530 च्या सुमारास लाल आकृत्यांची नवी पद्धत आली, तरी या घटांवर जुनी काळी आकृतीच चालू राहिली. देवाच्या कामाला जुनेच बरे, ही वृत्ती आपल्या ओळखीची आहे. (तो काळा रंग मँगनीजचा असावा, असे डोंगरी बुजरुकच्या मँगनीज खाणीशेजारी राहणाऱ्याला सहज वाटेल. पण तो लोहयुक्त मातीचा: भट्टीत आधी हवा खेळू द्यायची, मग धूर कोंडायचा, मग पुन्हा हवा.)

आता आमची बाजू, तीही ग्रीकांच्याच साक्षीने. अँथेस्टेरियाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या सुरईतून मद्य प्यायचे. लहान मुलांसाठी तसल्याच चिमुकल्या सुरया. त्यांवर रांगणारी पोरे आणि खेळण्यातल्या गाड्या. त्यांतल्या काही मुलांच्या थडग्यांत सापडल्या. इथे सण कळतो तो भांडे कुणाचे, केवढे आणि कुठे ठेवले यावरून. चित्र पुसले तरी हा पुरावा राहतो.

मग आपल्याकडे काय कमी आहे? अक्षय तृतीयेला पितरांच्या नावे भरलेली नवी घागर, नवरात्रातला जवारे उगवणारा घट. दोन्ही कोरे, दोन्ही काम झाले की संपणारे. आणि चित्रच हवे असेल तर याच भंडारा जिल्ह्यात पवनी आहे. तिथल्या 1969-70 च्या उत्खननात स्तूपाच्या कोरीव खांबांवर मुचलिंद नावाचा नागराज निघाला. भांड्यावर नसेल, दगडावर आहे.

नाकाडोंगरीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने संग्रहालयाआधी कुंभारवाडा गाठावा. घागरीची माती कुठल्या तळ्यातली, घटाचे तोंड किती रुंद ठेवतात, लग्नाची मडकी कोण नेतो आणि बदल्यात काय देतो, हे विचारून लिहून घ्यावे. सांगणारी माणसे म्हातारी होत चालली आहेत, आणि बाजारात प्लास्टिकचे घट केव्हाच आले आहेत.