तुटायचं तर गळाजवळ

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत गळाच्या मासेमारीचा नाद असलेली मंडळी कमी नाहीत. गुरुवारची साप्ताहिक सुट्टी आली की पवना, कासारसाई, भामा-आसखेड, फार तर उजनीपर्यंत दुचाक्या निघतात. पाठीला रॉडची लांब पिशवी, डिकीत आमिषांचा डबा. या मंडळींत सध्या एका प्रश्नावर बराच खल चालतो. बेटकास्टिंग रिळावर आजवर नायलॉनचा एकेरी तंगूस असायचा. तो उतरवून विणलेली, म्हणजे ब्रेडेड लाइन भरावी का?

भरावी. इथल्या पाण्यासाठी ती सरस आहे. पण हा बदल ज्या पद्धतीने सर्रास केला जातो, म्हणजे जुना दोरा काढायचा, नवा गुंडाळायचा आणि त्याच्याच टोकाला गळ बांधून मोकळं व्हायचं, तसाच करायचा असेल तर न केलेला बरा. दोरा बळकट झाला की तो कुठे तुटणार हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवलं जात नाही, आणि त्याची किंमत मासे आणि पक्षी मोजतात.

आधी रिळाविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने बनवलेलं रीळ हा आजच्या बेटकास्टिंग रिळाचा पूर्वज. स्पिनिंग रिळात फेक करताना स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली फिरकी, जागच्या जागी राहतो आणि दोरा त्याच्या कडेवरून सुटत जातो. बेटकास्टिंगमध्ये आमिष दोऱ्याला ओढतं आणि दोरा स्पूललाच गरागरा फिरवतो. आमिषाचा वेग मंदावला तरी स्पूल आपल्या गतीने फिरतच असतो. अंगठ्याचा दाब चुकला की सुटलेल्या दोऱ्याचं भेंडोळं होतं, आणि मग काठावर बसून ते सोडवण्यात अर्धी सकाळ जाते. चुंबकाचे किंवा अपकेंद्री ब्रेक हा धोका कमी करतात, संपवत नाहीत.

म्हणून या रिळावर दोरा बदलणं म्हणजे यंत्राचा स्वभावच बदलणं. तंगूस ताठ असतो, त्याला स्पूलवरच्या वेटोळ्यांची सवय लागते आणि तो थोडा उसळी मारतो; त्यामुळे त्याचा गुंता बहुतेकदा ओढून सुटतो. विणलेला दोरा मऊ. त्याला वेटोळ्यांची सवय लागत नाही, तो सहज सुटतो, लांब जातो. पण मोठा मासा ओढताना किंवा अडकलेला गळ सोडवताना बारीक दोरा स्पूलवरच्या खालच्या वेढ्यांत रुततो. पुढच्या फेकीला तो तिथेच आवळतो आणि हवेतल्या आमिषाला असा हिसका बसतो की दोरा तटकन तुटून आमिष धरणात जातं. दहा-पंधरा पौंडी बारीक दोरा बेटकास्टिंगवर भरणाऱ्यांचा पहिला महिना असाच जातो. इथे ३० ते ५० पौंडी दोराच हवा. तो जाड वाटेल ही भीती नको: ३० पौंडी ब्रेडची जाडी साधारण ०.२८ मिलिमीटर, म्हणजे ८ पौंडी तंगुसाएवढी, आणि ५० पौंडीची १२ पौंडी तंगुसाएवढी.

एवढ्या बारीक अंगात एवढं बळ येतं ते धाग्याच्या घडणीतून. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांनी तयार केलं आणि दशक संपण्याआधी ते गळाच्या दोऱ्यात उतरलं. ब्रेडमधला धागा मात्र पॉलिथिलीनचा. अतिशय लांब रेणूंचं पॉलिथिलीन द्रावणात विरघळवून, त्याची जेलसारखी तार काढून ती ताणायची, म्हणजे रेणू एका दिशेने सरळ होतात. ही पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी विकसित केली. नायलॉनचा दोरा तुटण्याआधी पंधरा ते तीस टक्के ताणला जातो. हा धागा जेमतेम तीन-चार टक्के ताणला जातो. तीस मीटरवर माशाने आमिषाला नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं आणि झटका दिला की गळ लगेच रुततो. नायलॉन पाणी शोषून थोडं कमजोर होतं, पॉलिथिलीन शोषतच नाही.

असा धागा या औद्योगिक पट्ट्याला परका नाही. १९७६ साली गरवारे-वॉल रोप्स म्हणून सुरू झालेल्या आणि २०१८ पासून गरवारे टेक्निकल फायबर्स असं नाव घेतलेल्या कंपनीचं मुख्यालय चिंचवडच्या एमआयडीसीत आहे. मासेमारीची जाळी, दोर आणि थंड समुद्रातल्या सामन माशांच्या शेतीसाठी लागणारे पिंजरे ती जगभर पाठवते. सुती जाळ्यांकडून नायलॉनकडे आणि पुढे अधिक बळकट पॉलिथिलीनकडे झालेला प्रवास याच शहराने जवळून पाहिला. जाळ्याच्या धंद्यात दोऱ्याची जाडी, भार, झीज सगळं मोजून ठरवलं जातं. हौशी गळकऱ्याने दुकानात ‘जास्तीत जास्त पौंडाचा द्या’ म्हणावं, हे त्याच शहरात पटत नाही.

इथलं पाणी ब्रेडच्या बाजूने कौल देतं, याचं मोठं कारण जलपर्णी. पवना आणि इंद्रायणीच्या शहरातल्या पात्रांवर तिची हिरवी चादर दर वर्षी पसरते आणि महापालिकेला ती दर वर्षी काढावी लागते. सांडपाणी जितकं जास्त तितकी तिची वाढ जोमाची. तिच्याखाली पाण्यातला प्राणवायू घटतो आणि बहुतेक मासे टिकत नाहीत. मरळ टिकते, कारण ती वर येऊन हवा घेऊ शकते. (शहरातल्या पात्रातला मासा खाऊ नये. धरणाकडच्या पाण्याची गोष्ट वेगळी.) धरणांच्या फुगवट्यातही कडेला पाणवनस्पती, बुडालेल्या शेतांचे बांध, बाभळीची खोडं असतात. अशा जागी मरळीसाठी बेडकाच्या आकाराचं रबरी आमिष पानांवरून सरकवत आणतात. मरळ खालून धडक देते आणि आमिष घेऊन थेट मुळांच्या गुंत्यात शिरते. ताणला जाणारा तंगूस तिला शिरायला वेळ देतो. ब्रेड देत नाही. शिवाय ताठ असताना तो जलपर्णीचे देठ कापत येतो. तंगूस तुटला की तोंडात गळ आणि मागे वीस-पंचवीस मीटर दोरा घेऊन मरळ मुळांत अडकून मरते. मरळीपुरता हा वाद इथेच मिटतो.

अडचण पुढे सुरू होते. सह्याद्रीच्या पायथ्याची धरणं काळ्या कातळाची आहेत. ताणलेला ब्रेड बेसाल्टच्या धारेवर घासला की त्याच्या बारीक तारा एकेक करून तुटतात आणि सगळं बळ क्षणात जातं. शिवाय तो पाण्यात स्पष्ट दिसतो. म्हणून त्याच्या पुढे अर्धा-एक मीटर नायलॉनचा किंवा फ्लुओरोकार्बनचा लीडर जोडायचा, आणि तो मुख्य दोऱ्याहून कमी ताकदीचा ठेवायचा. ५० पौंडी ब्रेडला २० ते २५ पौंडी लीडर पुरतो. चाकणच्या कुठल्याही देखभाल विभागात शिअर पिन कशासाठी असते हे नव्या फिटरलाही ठाऊक असतं: भार वाढला की ती मोडते आणि गिअरबॉक्स वाचतो. लीडरचं काम तेच. गळ खोडात अडकला तर तुटतो तो लीडर, पाण्यात राहतो हातभर दोरा. लीडर नसला तर तुटण्याची जागा दैवावर, आणि ती रॉडच्या टोकाजवळही असू शकते. मग अख्खा दोरा तळ्यात.

अनुभवी मरळकरी इथे हरकत घेतात, आणि ती रास्त आहे. दाट जलपर्णीत लीडरची गाठ पानांत अडकते, म्हणून रबरी बेडूक थेट ब्रेडला बांधण्याची पद्धत जगभर आहे. तिथे ती चालू द्यावी. मात्र मग गळ असा निवडावा की दोरा तुटण्याआधी त्याचा आकडा सरळ होईल. अडकलेला दोरा हाताला गुंडाळून ओढू नये, बोटं कापतात. काठीला वेढे देऊन सरळ रेषेत मागे सरकावं.

लहान गोष्टी दुकानात कुणी सांगत नाही, त्या इथे सांगायला हव्यात. गुळगुळीत स्पूलवर ब्रेड धरत नाही, पूर्ण गुंडाळी आतल्या आत फिरते. म्हणून तळाला तंगुसाचे काही वेढे द्यावेत, त्याने महाग दोराही वाचतो. तंगुसाची नेहमीची गाठ ब्रेडमध्ये निसटते. पॅलोमार घालावी, आणि लीडर जोडायला डबल युनी किंवा एफजी शिकावी. ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणाला दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक, लावताना आकडा ब्रेडचा धरू नये. साखळीतल्या सर्वांत कमजोर दुव्याच्या, म्हणजे लीडरच्या, ताकदीच्या चौथ्या हिश्शाएवढा ताण पुरे.

माशाच्या बाजूनेही बळकट दोऱ्याचं एक चांगलं आहे. इथल्या नद्यांचा मानकरी म्हणजे खडशी, अर्थात महाशीर. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ साली ज्या ‘खुद्री’ जातीचं शास्त्रीय वर्णन केलं, तिचा नमुना मुळा-मुठेतला. पवना त्याच मुळेला मिळते. धरणं आणि प्रदूषणाने ही जात विरळ झाली, तेव्हा लोणावळ्याजवळच्या वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात तिचं कृत्रिम प्रजनन हाती घेतलं. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचं त्यावरचं काम प्रसिद्ध आहे, आणि तिथली लाखो पिल्लं देशभरच्या पाण्यात गेली. असा मासा गळाला लागला तर त्याला लवकर काठाला आणून लवकर सोडायला हवं. नाजूक तंगुसावर अर्धा तास दमवलेला मासा सोडल्यावर जगेलच असं नाही. ब्रेड ही झुंज आटोपती ठेवतो. लीडरविना तुटला तर मात्र तोच ब्रेड माशामागे फरफटत राहतो.

पाण्यात राहिलेल्या दोऱ्याबाबत तर ब्रेड तंगुसाहून वाईट आहे. नायलॉनची घनता पाण्याहून जास्त, ते तळाला जातं. या पॉलिथिलीनची घनता ०.९७ च्या आसपास, म्हणजे ते तरंगतं. पाणकावळा, बगळा, चांदवा जिथे वावरतात नेमकं तिथेच ते जलपर्णीला गुंडाळून राहतं. ते कुजत नाही, आणि पक्ष्याच्या पायाने तुटत नाही.

दोरा काय करू शकतो हे पिंपरी-चिंचवडला वेगळं सांगायला नको. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ च्या जुलैमध्ये देशभर बंदी घातली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावर दुचाकीवरून जाणाऱ्या एका तरुण डॉक्टरचा मांजाने गळा चिरून मृत्यू झाला. गळाचा तंगूस त्याच मांजाचा सख्खा भाऊ आहे आणि ब्रेड त्याहून बळकट. पुलावरून गळ टाकणाऱ्यांनी, काठावर दोऱ्याची भेंडोळी फेकणाऱ्यांनी आणि उरलेला दोरा पोरांना पतंगासाठी देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. या शहरात दोरा उघड्यावर टाकणं हा हौसेचा भाग असू शकत नाही.

काही गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. ब्रेड विकणाऱ्या दुकानदाराने त्याच्यासोबत लीडरची छोटी गुंडाळी द्यावी आणि गिऱ्हाइकासमोर गाठ बांधून दाखवावी. काढलेला जुना दोरा बोटभर लांबीचे तुकडे करूनच कचऱ्यात जावा. ब्रेड उलटा फिरवून भरला की न वापरलेलं टोक वर येतं आणि आणखी एक हंगाम निघतो, त्यामुळे टाकाऊ दोराही निम्मा होतो. आणि ज्या जलाशयांत मासेमारीचे ठेके मच्छीमार सहकारी संस्थांकडे आहेत, तिथे गळकऱ्यांकडून शुल्क घेताना संस्थेने काठावर दोऱ्यासाठी झाकणाची पेटी ठेवावी. पवना धरणातून तर या शहराला पिण्याचं पाणी येतं, सुरुवात तिथून व्हावी. काठावर सापडलेला दुसऱ्याचा दोरा गोळा करून आणणाऱ्याला पुढच्या खेपेच्या शुल्कात सवलत द्यायलाही संस्थेला फारसा भुर्दंड पडणार नाही.