पेशी आपल्या, पैसा कुणाचा?

माझी हयात ठेवी आणि कर्जे सांभाळण्यात गेली. पण परवा रक्तातल्या टी-पेशींविषयी वाचताना मला बँकेचा पहारेकरीच आठवला. परका जंतू दिसला की या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. कॅन्सरची पेशी मात्र घरचीच, म्हणून अनेकदा त्यांच्या नजरेतून सुटते. शास्त्रज्ञांनी यावर नामी तोड काढली. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात प्रयोगशाळेत रचलेले जनुक पोचवायचे, त्यांची संख्या वाढवायची आणि त्या पुन्हा त्याच्या शिरेत सोडायच्या. जणू पहारेकऱ्याला नवा डोळाच फुटतो! ही ‘कार-टी’ उपचारपद्धती. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडवर हा उपचार झाला. मध्यंतरी ती मृत्यूच्या दारात पोचली होती. संधिवातावरच्या एका औषधाने तिला तारले. पुढे तिचा रक्ताचा कॅन्सर नाहीसा झाला.

अमेरिकेत २०१७ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली. किंमत, ४,७५,००० डॉलर! आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या ‘नेक्सकार-१९’ला आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. खर्च परदेशाच्या सुमारे एक दशांश. मान ताठ व्हावी अशीच ही गोष्ट.

पण माझ्यातला बँकवाला गप्प बसत नाही. एक दशांश म्हणजेही ३०-४० लाख रुपये. आजारपणापायी घर गहाण टाकायला आलेली माणसे मी टेबलापलीकडे बसलेली पाहिली आहेत. घर जाते, माणूस राहीलच याची हमी नसते. या देशी उपचाराच्या चाचण्यांतही ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. म्हणजे चौघांतला एक जण तसाच राहिला.

गोळ्यांसारखे हे औषध घाऊक करता येत नाही. प्रत्येकाचे औषध त्याच्याच पेशींतून वेगळे घडवावे लागते. तेव्हा किंमत आपोआप उतरेल, या भरवशावर बसून चालणार नाही. एका घराला न पेलणारे ओझे हजार घरांनी वाटून घेतले तर जाणवतही नाही; विम्याचे मर्म तेच. सरकारने आणि विमा कंपन्यांनी मिळून अशा उपचारांसाठी कायमचा निधी उभारावा. या संशोधनाला तुमच्या-आमच्या कराचाही पैसा लागला आहे. त्याचे फळ मिळवायला पुन्हा राहते घर विकायला लावणे, हा कुठला न्याय?