कॅड शिकवताय? मग चार ओळींची स्क्रिप्टही शिकवा



दहावीचा निकाल लागला की आपल्या सिंधुदुर्गात घरोघरी एकच प्रश्न असतो, "आता पुढे काय?" कोकण विभाग निकालात वर्षानुवर्षे राज्यात पुढे असतो. ही मार्क मिळवलेली पोरं मग मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात जातात, कुणी आयटीआयला, कुणी थेट मुंबई, पुणे, गोव्याला. यातल्या अनेकांना पालक हौसेने 'कॅड'चा कोर्स लावतात. चांगलंच आहे. पण फी भरण्याआधी एक गोष्ट विचारा: इथे फक्त रेघ कशी मारायची आणि कुठल्या बटणावर टिचकी मारायची एवढंच शिकवणार, की त्या सॉफ्टवेअरला लिहून काम सांगायलाही शिकवणार? माझं मत असं, की दुसरं शिकवलं नाही तर पहिल्याचा उपयोग दिवसेंदिवस कमी होत जाणार.

लिहून काम सांगायचं म्हणजे काय? आराखडा काढणाऱ्या सॉफ्टवेअरला माऊसऐवजी शब्दांत सूचना द्यायच्या. या सूचनांच्या यादीला स्क्रिप्ट म्हणतात. ही काही कालपरवाची गोष्ट नाही. ऑटोकॅड बाजारात आलं 1982 मध्ये आणि 1986 मध्ये त्याला ऑटोलिस्प ही भाषा जोडली गेली. म्हणजे जवळपास 40 वर्षं ही सोय आहे, आपण मात्र अजून मुलांना टिचक्याच मोजायला लावतोय.

एक साधं उदाहरण घेऊ. घराला माडी चढवायची आहे, जिना काढायचाय. उंची 3000 मिलिमीटर, प्रत्येक पायरीची उंची 150. भागाकार केला की 20 चढ आले. पाय ठेवायच्या पायऱ्या मात्र 19, कारण विसावा चढ थेट माडीच्या जमिनीवर नेतो. पायरीची रुंदी 250 धरली तर जिना जमिनीवर 4750 मिलिमीटर जागा खाणार. माऊसने हे चित्र निघेल. पण घरमालक म्हणाला, "उंची 3200 करूया," तर सगळं पुसून पुन्हा काढा! स्क्रिप्ट असेल तर एक आकडा बदलायचा, जिना आपोआप नवा.

आता खरी गंमत बघा. 3200 ला 150 ने पूर्ण भाग जात नाही. 21 चढ ठेवले तर प्रत्येक सुमारे 152.4 मिलिमीटरचा, 22 ठेवले तर सुमारे 145.5 चा. कुठला घ्यायचा? हे यंत्र आपणहून ठरवत नाही, स्क्रिप्ट लिहिणाऱ्या मुलाला ठरवून लिहावं लागतं. घरात म्हातारी आजी असेल तर कमी उंचीची पायरी बरी, पण मग जिना लांबतो. भागाकार, बाकी, 20 आणि 19 मधला फरक, सगळं गणित इथे कामाला येतं. "सर, ह्या गणित खंय वापरूचा?" या प्रश्नाला इतकं चांगलं उत्तर मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

पोटापाण्याच्या दृष्टीनेही बघा. तोच आराखडा थोडी मापं बदलून पुन्हा पुन्हा काढणं, हे काम सर्वात आधी स्क्रिप्टकडे जातं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात तयार झालेलं 'ऑस्डॅग' हे मोफत सॉफ्टवेअर पाहा. पोलादी बांधकामाचे जोड आणि भाग आयएस 800:2007 या भारतीय मानकानुसार ते तपासतं, त्रिमितीय आकृती स्वतः काढतं आणि हिशेबाचा अहवालही देतं. ते लिहिलंय पायथॉनमध्ये. माणूस लागतोच, पण मानक समजणारा आणि यंत्राने काढलेलं तपासू शकणारा.

काही शिक्षक म्हणतील, आधी हाताने चित्र काढता आलं पाहिजे. शंभर टक्के मान्य! एलिमेंटरी, इंटरमिजिएटची तयारी करणारं मूल वस्तूकडे नीट बघायला शिकतं, ते सोडू नका. उलट स्क्रिप्टमध्ये याची गरज जास्तच आहे. हाताने चूक केली तर एक जिना चुकतो, स्क्रिप्टमध्ये केली तर त्यावरून काढलेले सगळेच चुकतात. म्हणून पहिला जिना कागदावर काढायचा आणि यंत्राचा त्याच्याशी ताडून बघायचा.

दुसरी अडचण इंग्रजीची. सॉफ्टवेअरच्या आज्ञा इंग्रजीतच आहेत, हे खरं. पण पायथॉन 3 मध्ये आपण दिलेली नावं देवनागरीत चालतात. 'उंची', 'पायरी', 'रुंदी' अशी नावं देऊन मूल स्क्रिप्ट लिहू शकतं. मराठी माध्यमाच्या मुलाला यामुळे केवढा धीर येतो! आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतून ऐकता येणारे मोफत पाठही आहेत.

तिसरी अडचण खर्चाची. फ्रीकॅड आणि ओपनस्कॅड दोन्ही मोफत आहेत. ओपनस्कॅडमध्ये तर आकृती लिहूनच काढायची असते. फ्रीकॅडमध्ये मॅक्रो नोंदवायला लावा आणि माऊसने एक ठोकळा काढा. तुम्ही केलेलं काम पायथॉनच्या ओळींत लिहिलेलं मिळतं. त्यातला एक आकडा बदलून पुन्हा चालवा. मुलांच्या डोळ्यांदेखत ठोकळा वाढतो, तिथेच अर्धा धडा झाला. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत थ्रीडी प्रिंटर असतो. तिथे दुसऱ्याने काढलेली खेळणी छापण्यापेक्षा आपल्या अंगणातलं तुळशीवृंदावन मापं घेऊन लिहा आणि छापा.

पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 पासून हाताने काम करत शिकण्याचा मार्ग घातला आणि पुढे तिथे फॅब लॅबही उभी राहिली. खेड्यातल्या मुलांना हे झेपेल का, या शंकेला तिथे केव्हाच उत्तर मिळालंय.

तेव्हा आठवी-नववीच्या शिक्षकांनो, या सत्रात गणिताचे दोन तास यासाठी काढा. टेप घेऊन मुलांना शाळेचाच जिना मोजायला पाठवा. आणि पालकहो, मूल घरी येऊन पायऱ्या मोजायला लागलं तर त्याला ओरडू नका, टेपचं दुसरं टोक धरा.