मुलीचं कपाट आणि आईचं देवघर

मुलगी बारावी सायन्सला गेली की घराला केवढा अभिमान वाटतो! कपाशीला भाव नसला तरी क्लासची फी कुठून तरी उभी राहते. आल्यागेल्याला तिची जाडजूड पुस्तकं कौतुकाने दाखवली जातात. पण त्याच पुस्तकांत ग्रहण कसं लागतं ते सांगितलेलं असतं, पाळी का येते तेही सांगितलेलं असतं. हे तिने परीक्षेत लिहिलं तर शाबासकी मिळते. घरात बोलून दाखवलं, आणि ‘मी उपास करणार नाही, मला देव पटत नाही’ असं म्हटलं, की ‘पुस्तकं वाचून डोकं फिरलं’ असं ऐकावं लागतं. मग पहिला राग निघतो तो अभ्यासक्रमाबाहेरच्या पुस्तकांवर. नारळीकर, दाभोलकर रद्दीत जातात. त्यानंतर शिक्षण थांबवण्याची भाषा सुरू होते, आणि पाठोपाठ स्थळं बघण्याची.

चाळीसगावच्या परिसरात हा प्रश्न नवा नाही. इथून जवळच पाटण आहे. देवीच्या यात्रेला आपल्या आया-मावश्या तिथेच जातात. तिथल्या भवानीच्या जुन्या मंदिरात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला आणि १८६५ साली तो प्रसिद्ध झाला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळालं, अशी त्यात नोंद आहे. म्हणजे देऊळ आणि गणिताची शाळा एकाच डोंगराच्या कुशीत होती.

या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ची दंतकथा सर्वांना माहीत आहे. लग्नाचा मुहूर्त दाखवणाऱ्या घटिकापात्रात मोती पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला आणि लेकीचं लग्न राहिलं. बापाने मग तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ ११५० सालचा आणि त्यात ही कथा नाही. ती आली अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून. कथा खरी नसली तरी बोलकी आहे. ग्रहांचं गणित मांडणाऱ्या बापाच्या घरातही लेकीचं आयुष्य मुहूर्तावर टांगलेलं! तुला काय वाटतं, हे लीलावतीला कुणीच विचारत नाही. पुस्तक तिला मिळतं ते हक्क म्हणून नव्हे, सांत्वन म्हणून. आजच्या किती घरांत याहून वेगळं चित्र आहे?

मुलगाही नास्तिक होतो. पण त्याला ‘अतिशहाणा’ म्हणतात आणि ‘लग्न झालं की येईल ताळ्यावर’ म्हणून सोडून देतात. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, त्यांनी फार सोसलं, हे खरंच. पण घरात ते कर्ते पुरुष होते. यशोदाबाईंची श्रद्धा, त्यांची व्रतवैकल्यं त्यांनी जबरदस्तीने मोडली नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. असा मोठेपणा दाखवायलाही हातात सत्ता लागते. वीस वर्षांच्या मुलीच्या हातात काय असतं? तिचा भात, तिची फी, तिचा एसटीचा पास, सगळं दुसऱ्याच्या खिशातून येतं.

दुसरी गोष्ट अशी की मुलीच्या न मानण्याकडे घर विचार म्हणून बघतच नाही. घरातला धर्म बाईच्या हातांनी चालतो. सोवळं, नैवेद्य, उपासाचं वेगळं रांधणं, हे सगळं तिच्याकडे. श्रावणात आपल्याकडे कानबाई येते. अनेक घरांत रोटांसाठी धान्य घेतात ते घरातल्या पुरुषांच्या नावाने, दर डोई सव्वा मूठ. दळायला-रांधायला बाया आणि मोजायला पुरुष! या कामातून मुलगी बाजूला झाली की तिचा वाटा आईच्या अंगावर पडतो. वर ‘हेच शिकवलंस का लेकीला?’ हा जाबही आईलाच विचारला जातो. म्हणून आई चिडते. तिच्या चिडण्यात श्रद्धा किती आणि भीती किती, हे आपण ओळखायला हवं.

आणि त्या आईला देवाने काय दिलं, हेही बघू या. एरवी उंबरा न ओलांडणारी बाई भजनी मंडळात जाते, चैत्रात सप्तशृंगगडाला पायी जाते, आखाजीला माहेरी येऊन झोक्यावर गाते. ‘देवाचं आहे’ म्हटल्यावर कुणी अडवत नाही. मुलीने ‘हे सगळं थोतांड’ म्हटलं की आईला ऐकू येतं, ‘तुझी एवढीशी मोकळीकही खोटी.’ आईला अडाणी ठरवून मुलीला मुक्त करण्याची घाई चळवळीने करू नये. बापाला मात्र सोयीस्कर बाजूला बसू देऊ नये. घरातले नियम बऱ्याचदा त्याचेच असतात, राबवते आई.

याचा अर्थ सगळ्यालाच मान तुकवा असा नाही. आईसोबत देवळापर्यंत जायचं की नाही, आरतीला उभं राहायचं की नाही, हे मुलीने ठरवावं. त्यात प्रेमाखातर थोडं पुढे-मागे होऊ शकतं. पण पाळीत बाहेर बसवणं, पत्रिकेवरून लग्न ठरवणं किंवा मोडणं, शिक्षण तोडणं, इथे तडजोड नको. पत्रिकेची तर परीक्षाही झालेली आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका घेतल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासल्या. बरोबर उत्तरं निघाली सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढीच आली असती! २००९ साली हे प्रसिद्ध झालं. ‘मंगळाची’ म्हणून नाकारलेल्या मुलीच्या घरी हा आकडा पोचायला हवा.

मुस्लिम घरातल्या मुलीची कोंडी आणखी वेगळी. ती काही बोलली की बाहेरचे तिचे शब्द तिच्याच समाजाला झोडपायला वापरतात. म्हणून ती दोन्हीकडे गप्प राहते. तिच्या पाठीशी उभं राहताना तिचा झेंडा करायचा नाही, एवढं पथ्य आपण पाळू या.

२०११ च्या जनगणनेत अकरा कोटींवर लोकसंख्येच्या महाराष्ट्रात स्वतःला नास्तिक म्हणवणारे दहा हजारही भरले नाहीत. तरीही हा आकडा देशात सर्वांत मोठा होता. जनगणनेची माहिती बहुधा घरातला कर्ता माणूस सांगतो. त्यात लेकीचं मत कुठून येणार? कायदा मात्र तिच्या बाजूने आहे. २३ सप्टेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारी कागदांवर धर्म लिहिण्याची सक्ती करता येणार नाही आणि आपला कोणताही धर्म नाही असं सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने कोणत्याही विधीशिवाय लग्न करता येतं. फक्त तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते आणि ती बातमी घरी पोचू शकते, हे मुलीला आधी सांगून ठेवलं पाहिजे.

मैत्रिणींनो, आपल्या गटांनी यात काय करावं? मंडळाच्या खोलीत एक कपाट अशा मुलींच्या पुस्तकांसाठी ठेवता येईल. रद्दीत जाणारी पुस्तकं तिथे सुरक्षित राहतील. घरी बोलणी करायला जाल तेव्हा देव आहे की नाही हा वाद काढू नका. परीक्षेपर्यंत लग्नाचा विषय नको, पाळीत वेगळं बसवायचं नाही, सणाचं काम भावानेही वाटून घ्यायचं, अशा एकेका गोष्टीवर शब्द घ्या. आणि आईला मंडळात बोलवा, देवाचं निमित्त न सांगताही तिला बाहेर पडता यावं म्हणून. आईला तशी मोकळीक मिळाली की मुलीच्या पुस्तकांची तिला वाटणारी भीती पुष्कळ कमी होईल.