घरची करवत कोणाच्या हातीं?

मसोलीस पावसाळा सरला कीं वाडीवाडींतून एकच दृश्य दिसूं लागतें. चिकूच्या झाडांखालीं वाळलेल्या फांद्यांचे ढीग, कुंपणालगत आडवा झालेला एखादा सुरू, आणि पडवींत बसलेल्या वडील मंडळींची चर्चा : ह्याचें सरपण केव्हां व कोणीं करावयाचें? गॅसची शेगडी घरोघर आली, तरी न्हाणीघरांतील बंब व परसांतील चूल अद्याप लांकूडच मागतात. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते चक्रीवादळानें पालघर जिल्ह्यांतील बागांचें मोठें नुकसान केलें. त्या वेळीं पडलेल्या झाडांपुढें कुऱ्हाड अपुरी पडली, आणि सांखळीची यांत्रिक करवत, जिला बाजारांत 'चेन सॉ' म्हणतात, ती आमच्याही घरीं आली. ती निवडतांना आम्हीं जी चूक केली ती वाचकांनीं करूं नये, एवढ्यासाठींच हा लेख.

दुकानांत होतें त्यांतील सर्वांत मोठें यंत्र आम्हीं उचललें. पट्टी २२ इंचांची, इंजिन ५८ सी. सी.चें. "एकदां मोठें घेतलें म्हणजे पुन्हां घेणें नको," असा घरांतील कर्त्या पुरुषांचा एकमुखी निर्णय झाला, आणि त्यांत प्रस्तुत लेखकाचेंही मत होतें. ज्याच्या हातीं यंत्र द्यावयाचें, त्या वाडीवरील वृद्ध गड्यास मात्र कोणीं विचारलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं ओंडका कापीत असतां पट्टीचें टोंक मागच्या फांदीस लागलें व यंत्र उलट उसळून त्याच्या तोंडाकडे आलें. खांद्यावरचें फडकें तेवढें फाटलें; मान वांचली ती केवळ दैवानें. त्यानें यंत्र बंद करून जमिनीवर ठेविलें व शांतपणें सांगितलें, "गुरुजी, हें माझ्या हातांत राहत नाहीं." मग तो कुऱ्हाड आणावयास गेला. आम्हांस मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

भास्कराचार्यांनीं सुमारें पावणेनऊशें वर्षांपूर्वीं 'लीलावतीं'त क्रकचव्यवहार ह्या नांवाचें प्रकरण घातलें आहे. क्रकच म्हणजे करवत. छेदाचें क्षेत्रफळ काढून कापणीचें माप कसें ठरवावें, हें तेथें सांगितलें असून, कामाचें मोल कारागिराशीं होणाऱ्या ठरावावर व पदार्थाच्या मृदु-कठिणपणावर अवलंबून असतें, असेंही आचार्य सांगतात. हें प्रकरण आम्हीं वर्षानुवर्षें वाचलेलें. पण दुकानांत त्याची आठवण झाली नाहीं. करवत घेतांना विचारावयाचे तिन्ही प्रश्न त्यांत आहेत : लांकूड किती जाड, किती कठीण, आणि कापणारा कोण.

पहिला प्रश्न जाडीचा. ६ इंच व्यासाच्या ओंडक्याचा छेद सुमारें २८ चौरस इंच भरतो, १२ इंच व्यासाचा ११३. जाडी दुप्पट झाली कीं काम चौपट होतें. म्हणून वर्षाकाठीं आपल्या घरीं कोणत्या जाडीचें लांकूड अधिक कापलें जातें, तें आधीं मोजून पाहावें. पट्टी त्याहून दोन-तीन इंच लांब असली म्हणजे पुरे. आठ-दहा इंचांपर्यंतच्या ओंडक्यांस १२ ते १४ इंचांची पट्टी व ३५ ते ४० सी. सी.चें इंजिन चांगलें पुरतें. वर्षांतून एखादा मोठा बुंधा निघालाच, तर त्यापुरता जाणता माणूस यंत्रासह बोलवावा. अंगणाजवळच काम असेल तर विजेवर चालणारें यंत्र हलकें व सोयीचें. मात्र ओल्या जमिनीवर तें वापरूं नये, आणि वायर सांखळीपासून दूर ठेवावी. वाडीच्या टोंकापर्यंत जावयाचें असेल तर पेट्रोलचें. त्यांत पेट्रोलबरोबर टू-स्ट्रोक ऑइल पुस्तिकेंत दिलेल्या प्रमाणानेंच मिसळावें. १:५० म्हटलें असेल तर एका लिटरास २० मिलिलिटर. सांखळीचें तेल निराळें. तें टांकींत आहे कीं नाहीं हें प्रत्येक वेळीं पाहावें.

दुसरा प्रश्न कठीणपणाचा. चिकूचें लांकूड फार टणक. मध्य अमेरिकेंत टिकाल येथील माया लोकांच्या मंदिरांतील चिकूच्या तुळया हजाराहून अधिक वर्षें टिकल्या आहेत. सुरूही कांहीं मऊ नव्हे. अशा लांकडास इंजिनाच्या जोरापेक्षां सांखळीची धार अधिक उपयोगी पडते. १९४६ सालीं अमेरिकेंतील ओरेगॉन राज्यांत जोसेफ कॉक्स नांवाच्या लांकूडतोड्यानें एका खोडांत भुंगेऱ्याची अळी डावीउजवीकडे जबडे चालवून लांकूड पोखरतांना पाहिली, आणि तिच्यावरून डावे-उजवे दांत आळीपाळीनें असलेली सांखळी तयार केली. आजच्या सांखळ्या बहुधा त्याच धर्तीच्या असतात. करवतींतून लांकडाच्या चकल्या पडत असतील तर धार ठीक; पिठासारखा भुसा पडूं लागला कीं यंत्र थांबवून कानस घ्यावी. चिकूचा चीक सांखळीस चिकटतो, तो काम संपतांच पुसून काढावा.

तिसरा प्रश्न हाताचा, आणि तोच सर्वांत मोठा. जो कापणार त्यानें दुकानांत यंत्र पांच मिनिटें उचलून धरावें. हात थरथरला तर तें त्याचें नव्हे. सांखळी तत्काळ थांबविणारा चेन ब्रेक असल्याविना यंत्र घेऊंच नये. पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग कशासही लागूं देऊं नये. उसळी तेथूनच येते. खांद्याच्या वर किंवा शिडीवर उभें राहून कापूं नये. छाटणीच्या बारीक फांद्यांस हातकरवतच बरी. धोतर, उपरणें, सैल सदरा हीं यंत्राजवळ नकोत. जाड बूट, चष्मा व कानांचें झांकण हीं हवींत. ह्यांचा खर्च यंत्राच्या किमतींतच धरावा.

आणखी एक इशारा. हातीं यंत्र आलें म्हणजे झाड तोडण्याचा अधिकार आला, असें नाहीं. आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ, साग, खैर इत्यादि झाडें १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादींत आहेत. तीं आपल्या जागेंतील असलीं तरी परवानगी लागते. शिवाय सबंध डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजुक म्हणून घोषित आहे.

पुढील आठवड्यांत आम्ही पुन्हां दुकानांत गेलों, ते गड्यास बरोबर घेऊन. त्यानें तीन यंत्रें उचलून पाहिलीं व १४ इंची निवडलें. बूट व चष्माही त्याच्याच मापाचे घेतले. घरीं येतांना वाटेंत त्यानें विचारलें, "चार दिवसांचें काम एका दिवसांत झालें, तर माझे तीन दिवस कोठें गेले?" आम्हांस उत्तर सुचेना. अखेर त्याच्याशीं बसून ठरविलें कीं मजुरी दिवसावर न धरतां सरपणाच्या ढिगावर धरावी, आणि ढिगाचा दर पूर्वीं चार दिवसांस पडत असे तोच ठेवावा. गेलीं कांहीं वर्षें तसेंच चाललें आहे. मोठें यंत्र गोणपाटांत गुंडाळून माळ्यावर पडलें आहे. त्याच्याकडे पाहिलें कीं घरांतील सर्वांस आपापलें मत आठवतें.