नीळकंठशास्त्र्यांचे दुसरे नाव

काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या बोळांतून हिंडताना अचानक मराठी कानावर पडते आणि पाय थबकतात. मराठी शास्त्री-पंडितांची घराणी या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदली. अशाच एका चित्पावन घराण्यातले नीळकंठशास्त्री गोऱ्हे. ख्रिस्ती धर्माचे खंडन करायचे म्हणून ते मिशनऱ्यांशी वादाला उभे राहिले आणि वाद घालता घालता त्यांचेच मन पालटले. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवे नाव मिळाले नहेम्या.

हा मूळ नहेम्या कोण? बायबलमधला, इराणच्या बादशहाचा प्यालेबरदार. म्हणजे राजाला मद्याचा प्याला देणारा विश्वासू सेवक. पूर्वजांच्या यरुशलेमची तटबंदी मोडून पडली आहे, वेशी जळाल्या आहेत, हे ऐकून तो रडला, उपास केले, प्रार्थना केली. देवाने हे काम आपल्यावर सोपवले आहे, असे त्याच्या मनाने घेतले. तरी तब्बल चार महिने तो गप्प होता! राजापुढे उतरलेला चेहरा नेणेही धोक्याचे. त्यातून याच राजाने पूर्वी त्या शहराचे बांधकाम थांबवले होते. राजाने विचारलेच, "चेहरा का उतरला?" नहेम्या फार घाबरला, तसे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. मनातल्या मनात देवाची आळवणी केली आणि रजा मागितली. ती मिळाली. घरी पोचल्यावर रात्री गुपचूप फिरून त्याने पडका तट पाहिला. पुढे विरोधकांच्या भीतीने शस्त्रे जवळ बाळगत लोकांनी ५२ दिवसांत तो उभा केला.

शास्त्रीबुवांची वाट मात्र उलटी. नहेम्या हाक ऐकून घरी गेला. यांनी हाक ऐकून घर, जात, मानमरातब सोडला. त्यांचा निर्णय कुणाला पटो न पटो, त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. पुढे पंडिता रमाबाईंच्या विचारांवर त्यांच्या लेखनाचा मोठा प्रभाव पडला. १८९५ मध्ये मुंबईत ते वारले.

त्यांची मुलगी एलन लक्ष्मी १८५३ साली काशीतच जन्मली. तान्ही असतानाच आई गेली. परक्यांच्या घरी वाढली, इंग्लंडात शिकली. तिथेच राहिली असती तर कुणी नावे ठेवली नसती. पण १८८० मध्ये ती भारतात परतली आणि अमृतसरला स्त्रियांमध्ये काम करू लागली.