हरणाऱ्याचें कर्तव्य

‘खेळच तो, त्यांत एवढी शिस्त कशाला?’ असें म्हणणारे लोक स्वतःस मोठे उदार समजतात. आमच्या मतें ही उदारता ते नेहमीं दुसऱ्याच्या खिशांतून करतात. आमचे एक जुने विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेंत असून तेथील स्नेह्यांच्या ‘फँटसी बेसबॉल’ मंडळाचे कमिशनर आहेत. हंगाम अर्धा होतांच आपल्या संघाकडे पाठ फिरविणाऱ्या एका सभासदास त्यांनीं काढून टाकलें, आणि त्यांजवर जुलमाचा आरोप आला. म्हणून हे चार शब्द.

हा खेळ १९८० सालीं डॅनियल ओक्रेंट व त्यांचे मित्र यांनीं न्यूयॉर्कमध्यें सुरू केला. तेथील एका फ्रेंच उपाहारगृहावरून त्यास ‘रोटिसरी’ हें नांव पडलें. रूढ पद्धतींत प्रत्येक सभासद २६० डॉलरांच्या मर्यादेंत लिलावांतून २३ खरे खेळाडू घेतो. ते मैदानावर जें करून दाखवितात, त्याचे गुण या कागदी संघास मिळतात. पुढें अशा दोन कागदी संघांची आठवड्यागणिक झुंज लावण्याचा प्रकारही रूढ झाला. हंगाम सुमारें सहा महिन्यांचा, आणि प्रत्येक खऱ्या संघाचे सामने १६२; तेव्हां जायबंदी खेळाडू वगळून दुसरा घेण्याचें काम सतत करावेंच लागतें.

आक्षेपक म्हणतात, ‘वर्गणी मीं भरली, संघ माझा, सांभाळीन किंवा टाकीन.’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण मे महिन्यांत ज्याची या सभासदाशीं गांठ पडली, त्यास झुंजावें लागलें. ऑगस्टांत ज्याची पडली, त्यास विजय फुकट मिळाला. पहिल्याचा अपराध कोणता? २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें, पुढील फेरींत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरूं पाहणाऱ्या आठ महिला बॅडमिंटनपटूंस स्पर्धेंतून काढण्यांत आलें, तें याच न्यायानें. हरण्याचा हक्क प्रत्येकास आहे; हरावयाचें ठरवून मैदानांत उभें राहण्याचा कोणासही नाहीं.

तथापि आमच्या विद्यार्थ्यांनीं याच हंगामांत दोघां सभासदांमधील खेळाडूंची एक अदलाबदल ‘विषम’ म्हणून रद्द केली, असेंही ते लिहितात. येथें मात्र आम्ही त्यांचें वकीलपत्र घेणार नाहीं. संगनमत सिद्ध झालें असतें तर गोष्ट वेगळी. पण दोघांपैकीं एकानें मूर्खपणाचा सौदा केला, एवढाच पुरावा होता. प्रयत्नाचा अभाव हा दोष दंडनीय आहे. बुद्धीचा अभाव दंडनीय ठरविला, तर कोणाचा संघ उरेल? शिवाय कमिशनर स्वतःही त्या चुरशींत एक स्पर्धक! ज्या निकालानें आपलें आसन स्थिर होतें, तो निकाल देण्याचें काम त्यानें इतरांवर सोंपवावें, आणि नियम लिलावापूर्वींच लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्या.

आणखी एक गोष्ट. जेथें हरण्यास बक्षीस आहे, तेथें उपदेश व्यर्थ होय. ह्यूस्टनचा खरा संघ २०१३ सालीं १११ सामने हरला, तळाच्या संघास मिळणाऱ्या पहिल्या निवडीचा लाभ घेत राहिला, आणि २०१७ सालीं अजिंक्य झाला. तेव्हां मेजर लीगनें २०२३ च्या निवडीपासून पहिल्या सहा जागांसाठीं सोडत ठेवली. कागदी मंडळांनींही हा धडा घ्यावा: पुढील वर्षींची पहिली निवड शेवटच्यास न देतां, अंतिम फेऱ्यांस मुकलेल्यांत जो सर्वांत वर राहील त्यास द्यावी. मग सप्टेंबरांतही प्रत्येकास लढण्याचें कारण राहील.

आमच्या विद्यार्थ्यांनीं काढलेला सभासद परत घेऊं नये. रद्द केलेला सौदा मात्र परत घ्यावा. पहिल्यानें त्यांचा अधिकार राहील, दुसऱ्यानें त्या अधिकारावरील लोकांचा विश्वास.